शेजाऱ्यांच्या सणात मुसलमान: कुठवर आणि का?

सणाचा दिवस. दाराची कडी वाजते. शेजारीण उभी असते, हातात ताट, वरून रुमाल. मुसलमान घरातली बाई हसून ताट घेते, दोन शब्द बोलते, दार लावून आत येते. रुमाल बाजूला करते आणि क्षणभर तशीच थांबते. हे घरी केलेलं गोडधोड आहे, की देवापुढे ठेवून आणलेलं? पोरांचे हात तर केव्हाच पुढे आलेत.

शेजारणीला हे थांबणं दिसत नाही. पण हीच बाई पुढे कधी आमंत्रणाला "येते, पूजा आटोपल्यावर येते" असं उत्तर देते, तेव्हा मात्र ते तिच्या मनाला लागतं. आमचा सण यांना चालत नाही, असं तिच्या मनात पक्कं होतं. आणि बाई गेलीच, तर तिच्या नात्यातलं कुणी विचारतं, "तू कशाला गेली होतीस तिथं?" म्हणजे गेली तरी पंचाईत, न गेली तरी पंचाईत. त्या क्षणभराच्या थांबण्यात नेमकं काय चाललेलं असतं, हे दोन्ही घरांना कळलं तर निम्मी कटुता तिथंच ओसरेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट म्हणजे हे ताट आजचं नाही. पैगंबर मुहंमदांचे एक साथी होते, अबू बरझा. त्यांचे शेजारी जरथुष्ट्री. नवरोझ आणि मिहरजान हे त्यांचे मोठे सण आले की ते अबू बरझांच्या घरी भेटी पाठवायचे. अबू बरझांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं: फळफळावळ असेल तर खा, बाकीचं परत करा. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनाही एका बाईनं असंच विचारलं होतं. आमच्या मुलांना दूध पाजणाऱ्या बाया जरथुष्ट्री आहेत, सणाला त्या काहीबाही देतात, त्याचं काय करायचं? आयेशांचं उत्तर होतं: त्या दिवसासाठी जे जनावर कापलं असेल ते खाऊ नका, झाडाचं असेल ते खा.

या दोन्ही उत्तरांत काय नाही ते आधी बघा. शेजाऱ्याशी संबंध तोडा असं कुणी म्हणत नाही. भेट आणणाऱ्याला दारातून परत पाठवा असंही नाही. ताटातल्या वस्तू मात्र वेगळ्या केल्या जातात. इस्लामी धर्मशास्त्राची, म्हणजे फिक्हची, रीत हीच आहे. आपण "सणात सहभाग" असा एकच शब्द वापरतो. धर्मशास्त्री त्याचे तुकडे पाडतो: पूजेत उभं राहणं वेगळं, शुभेच्छा देणं वेगळं, जेवण वेगळं, भेट घेणं-देणं वेगळं, नुसतं हजर असणं वेगळं. प्रत्येक तुकड्याचा निकाल निराळा. त्यामुळे "इस्लाममध्ये चालतं का हो?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर कुणी दिलं, तर त्यानं घाई केली असं समजावं.

हे तुकडे ज्या मोजपट्ट्यांनी मोजतात त्या मुख्यतः तीन. सगळ्यात कडक पट्टी शिर्कची. अल्लाह एकच, उपासना फक्त त्याची, त्यात दुसऱ्या कुणाला भागीदार करणं म्हणजे शिर्क. इस्लाममध्ये याहून मोठं पाप नाही. म्हणून मूर्तीपुढे माथा टेकवणं, आरती ओवाळणं, चर्चमध्ये पवित्र घास घेणं या गोष्टींवर सगळ्या प्रमुख पंथांच्या धर्मशास्त्र्यांचं एकमत आहे: नाही. कडक मुफ्ती (फतवा देणारा धर्मपंडित) असो की उदार, इथं दोघांची रेघ एकच. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढंसं हात जोडायला काय जातं? पण ज्याच्या धर्माचा पायाच "त्याच्याखेरीज कुणापुढे नाही" या एका वाक्यावर उभा आहे, त्याला ते एवढंसं नसतं. आणि गाभ्याभोवती अशी रेघ जवळजवळ प्रत्येक धर्मात असते. कॅथलिक चर्च आपला पवित्र घास ख्रिस्ती नसलेल्याला देत नाही. मक्केत मुसलमानेतरांना प्रवेश नाही. त्या रेघेला कुणी शत्रुत्व म्हणू नये.

दुसरी पट्टी ताझीमची, म्हणजे त्या दिवसाचा धार्मिक गौरव करण्याची. तिसरी तशब्बुहची, म्हणजे दुसऱ्या समाजाची धार्मिक ओळख अंगावर घेण्याची. "जो ज्या लोकांची नक्कल करतो तो त्यांच्यातला होतो" अशा अर्थाची एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं सांगितलं जाणारं वचन, अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. वादाची बरीचशी भिस्त तिच्यावर. कडक मत म्हणतं, बाहेरून सारखं दिसता दिसता माणूस आतूनही सारखा होतो. उदार मत म्हणतं, नक्कल म्हणजे जी खास त्या धर्माची खूण आहे तिची नक्कल. दिवे, रंग, नवे कपडे या सगळ्यांच्या गोष्टी झाल्या.

ताझीम आणि नियत, म्हणजे हेतू, यांचं नातं समजायला एका अंड्याची गोष्ट पुरते. बुखाऱ्याच्या अबू हफ्स या जुन्या हनफी (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका शाखेच्या) विद्वानाच्या नावावर एक वचन सांगितलं जातं. कुणी पन्नास वर्षं अल्लाहची उपासना केली आणि नवरोझच्या दिवशी, त्या दिवसाचा मान म्हणून, एखाद्या मूर्तिपूजकाला एक अंडं भेट दिलं, तर तो इस्लामबाहेर गेला आणि त्याची पन्नास वर्षांची पुण्याई वाया गेली. वाचून अंगावर काटा येतो. पण हनफी ग्रंथांत लगेच पुढची ओळ अशी: कुणी त्या दिवशी दुसऱ्या मुसलमानाला भेट दिली, पण दिवसाचा मान म्हणून नव्हे, लोक देतात म्हणून, तर तो इस्लामबाहेर जात नाही. मात्र संशयाला जागा नको म्हणून एक दिवस आधी किंवा नंतर दिलेलं बरं. भेट देणं तेच, दिवस तोच. खरा फरक देणाऱ्याच्या मनात. आणि मनातलं बाहेरून कुणाला दिसणार? माझ्या मते या विषयावरचे निम्मे वाद इथंच जन्म घेतात. एकजण कृती बघून निकाल देतो, दुसरा हेतू विचारतो.

कडक बाजूचं सगळ्यात मोठं नाव इब्न तैमिय्या. जन्म 1263 चा, हर्रानचा. मंगोलांच्या भीतीनं कुटुंब घरदार सोडून दमास्कसला आलं तेव्हा ते लहान होते. आयुष्यभर त्यांनी मुस्लिम जगावरचे हल्ले बघितले. आपला समाज आतूनही विरघळून जाईल ही भीती त्यांच्या लिखाणात जागोजागी जाणवते. दुसऱ्यांच्या सणात भाग घेण्याविरुद्ध त्यांनी एक आख्खा ग्रंथ लिहिला. पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथले लोक वर्षातले दोन दिवस खेळ-करमणुकीत घालवायचे. पैगंबर म्हणाले, अल्लाहनं त्या दोन दिवसांच्या बदल्यात तुम्हाला याहून चांगले दोन दिवस दिलेत, ईद-उल-फित्र आणि ईद-उल-अजहा. इब्न तैमिय्यांचा युक्तिवाद असा की बदल्यात दिलं म्हणजे जुनं सुटलं. सण हा त्यांच्या लेखी धर्माचाच भाग. किब्ला (नमाजाची दिशा) आपला, नमाज आपली, तसा सणही आपला.

पण त्यांचं नाव घेऊन सरसकट "हराम, हराम" म्हणणाऱ्यांनी तोच ग्रंथ आणखी थोडा वाचावा. त्याच ग्रंथात ते म्हणतात की सणाच्या दिवशी शेजाऱ्यानं दिलेली भेट घेण्यात अडचण नाही, आणि पुरावा म्हणून अबू बरझा आणि आयेशा यांच्याच वर सांगितलेल्या गोष्टी देतात. सणासाठी कापलेलं मांस तेवढं वगळतात. आणखी एक गोष्ट ते सांगतात. जो मुसलमान इतरांच्या देशात राहतो, त्याला बाह्य चालीरीतींत वेगळं दिसण्याची सक्ती नाही, कारण त्याचा त्याला त्रास होऊ शकतो. उलट काही भलं साधत असेल तर तसं वागणं चांगलंही ठरू शकतं. चौदाव्या शतकातला सगळ्यात कडक समजला जाणारा माणूस परिस्थितीला एवढी जागा ठेवतो.

त्यांच्या लिखाणाचा मला आणखी एक उपयोग वाटतो. ते तक्रार करतात की ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मुसलमान घरांतही अंडी रंगवतात, धूप जाळतात. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शेख अहमद सरहिंदी पत्रात तक्रार करतात की मुसलमान बायका दिवाळी स्वतःची ईद असल्यासारखी साजरी करतात, भांडी रंगवून त्यांत लाल भात भरून लेकी-बहिणींकडे पाठवतात. तक्रारी आहेत, खरं. पण तक्रार कशाची होते? जे घडत असतं त्याची. ज्यांनी हे सण एकत्र केले त्या बायकांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांची अंडी आणि त्यांचा लाल भात आपल्यापर्यंत पोचला तो त्यांच्यावर रागावलेल्यांच्या लेखणीतून.

आनंदानं लिहिणारेही होते. इतिहासकार अल-मसूदी हिजरी 330 मध्ये, म्हणजे इसवी सन 942 च्या जानेवारीत, इजिप्तमध्ये होता. ख्रिस्ती लोकांची बाप्तिस्म्याच्या सणाची रात्र. मुसलमान शासक इख्शीद नाईलमधल्या बेटावरच्या आपल्या वाड्यात होता. त्यानं बेटाच्या आणि शहराच्या काठावर हजार मशाली लावायला सांगितल्या. लोकांनी लावलेले दिवे आणि मशाली वेगळ्याच. मुसलमान आणि ख्रिस्ती प्रचंड संख्येनं लोटले. कुणी होड्यांत, कुणी नदीकाठच्या घरांत, कुणी काठावर. चांगले कपडे, खाणंपिणं, गाणं-वाजवणं. त्या रात्री गल्ल्यांचे दरवाजेही बंद होत नसत. बरेच लोक नदीत बुडी मारायचे, कारण या रात्रीची बुडी आजारापासून वाचवते असा समज होता. मसूदीनं तिला इजिप्तमधल्या सगळ्यात सुंदर रात्रींपैकी एक म्हटलंय. अशा रात्री आत चाललेला ख्रिस्ती विधी कुठं संपतो आणि शहराचा उत्सव कुठं सुरू होतो, हे काठावर उभ्या असलेल्या माणसानं कसं ठरवावं? धर्मशास्त्र्यांचं कोडं हेच आहे, आणि ते सोपं नाही हे मान्य केलेलं बरं.

आता शुभेच्छांकडे. आज सगळ्यात जास्त भांडण यावर होतं, दर वर्षी त्याच त्या तारखांना. इब्न तैमिय्यांचे शिष्य इब्न अल-कय्यिम यांनी लिहिलं की दुसऱ्या धर्माच्या खास धार्मिक सणाबद्दल अभिनंदन करणं म्हणजे त्या श्रद्धेबद्दलच अभिनंदन करणं, ते हराम. आजचे अनेक सलफी, म्हणजे सुरुवातीच्या मुसलमानांच्याच रीतीचा आग्रह धरणारे, विद्वान हेच धरून चालतात. समोरची बाजूही तितकीच अभ्यासू आहे. इजिप्तची दार अल-इफ्ता ही 1895 पासूनची सरकारी फतवा-संस्था शुभेच्छा द्यायला हरकत नाही म्हणते. युरोपातल्या मुसलमानांसाठी 1997 मध्ये स्थापन झालेल्या फतवा-परिषदेनंही तशी मुभा दिली. युसूफ अल-करदावी हे तिचे अध्यक्ष होते.

मुभा देणाऱ्यांचा आधार कुराणातली 60 व्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, आठवी आयत. ज्यांनी धर्मावरून तुमच्याशी लढाई केली नाही आणि तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलेपणानं आणि न्यायानं वागायला अल्लाह मना करत नाही, असा तिचा आशय. इथं भलेपणासाठी जो शब्द येतो त्याचं मूळ बिर्र. आईवडिलांशी कसं वागावं हे सांगताना मुसलमान हाच शब्द वापरतात. नुसतं सहन करणं एवढा त्याचा अर्थ नाही, त्यात जिव्हाळा आहे. त्याला जोडून चौथ्या सूरेतली 86 वी आयत येते: तुम्हाला कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं द्या, निदान तेवढं तरी द्या. शेजारी ईदेला "ईद मुबारक" म्हणत असेल तर त्याच्या सणाला तोंड फिरवून कसं चालेल, असा हा साधा तर्क. मला तो पटतो. शुभेच्छा माणसाला देतात. त्याचं धर्मतत्त्व तपासून देत नाहीत. पण ज्या मुसलमानाला ती तोंडातून निघत नाही त्याला मी लगेच द्वेष्टा म्हणणार नाही. तो आजारपणात पहिला धावून येत असेल तर तेही मोजायला हवं.

जेवणाचं गणित त्या मानानं स्पष्ट आहे. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं अर्पण केलेलं कुराणाला (2:173) वर्ज्य आहे. म्हणून देवापुढे ठेवलेला प्रसाद बहुतेक मुफ्ती घेऊ नका म्हणतात. त्याच घरातलं, न ठेवलेलं गोड मात्र चालतं. एकोणिसाव्या शतकातले देवबंदचे मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, रशीद अहमद गंगोही यांना थेट विचारलं गेलं होतं की होळी-दिवाळीला हिंदू लोक लाह्या, पुऱ्या भेट म्हणून पाठवतात, त्या घ्याव्या का? उत्तर होतं: दुरुस्त आहे, घ्या. म्हणजे सुरुवातीच्या त्या बाईचं थांबणं एवढ्यासाठीच होतं. तिला शेजारणीचं अन्न नको नव्हतं. ते कुठून आलं, देवघरातून की चुलीवरून, एवढंच तिला कळायला हवं होतं. हा पेच एकट्या मुसलमानांचाही नाही. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, यावर पहिल्या शतकात संत पॉलनं करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लांबलचक समजावलं: बाजारात मिळतं ते न विचारता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. यहुदी धर्मशास्त्रात तर परक्यांच्या सणाआधी तीन दिवस त्यांच्याशी व्यवहार करू नये इथून चर्चा सुरू होते. एकेश्वर मानणारे जिथं जिथं इतरांच्या शेजारी राहिले तिथं हे ताट दारात आलंच.

हजर राहण्याचा प्रश्न मात्र आजही पेटतो. इंडोनेशियात 1970 च्या दशकात शाळा-कचेऱ्यांत "एकत्र नाताळ" होऊ लागले. कुठं मुसलमान कर्मचारी समितीवर, कुठं मुसलमान मुलं प्रार्थनागीतांत. बोलावलं तर नाही कसं म्हणायचं, अशी अडचण. 7 मार्च 1981 रोजी तिथल्या उलेमा परिषदेनं फतवा काढला: अशा नाताळ-समारंभात भाग घेणं हराम. सरकारला तो नको होता. दबाव आला. परिषदेचे अध्यक्ष, नामवंत लेखक हमका यांनी फतवा मागं घेण्याऐवजी पद सोडलं. त्या फतव्याचा रोख विधींसह होणाऱ्या समारंभावर होता. आपल्या शेजाऱ्याच्या आनंदात आनंद मानू नका असं तो म्हणत नव्हता. आणि त्याच देशातली दुसरी बाजू अशी. नहदलातुल उलमा या प्रचंड मोठ्या मुस्लिम संघटनेचे स्वयंसेवक नाताळच्या रात्री चर्चबाहेर पहारा देतात. 24 डिसेंबर 2000 ला मोजोकर्तोच्या एका चर्चमध्ये पहाऱ्यावरच्या तरुणाला बॉम्ब सापडला. तो त्यानं उचलून लोकांपासून दूर नेला आणि त्यातच तो गेला. आत प्रार्थना चालू होती. तो बाहेर होता, प्रार्थनेत सामील नव्हता. या सहभागाला काय नाव द्यायचं?

इजिप्तमध्येही असंच घडलं. 2011 च्या पहिल्याच दिवशी अलेक्झांड्रियात चर्चवर बॉम्बहल्ला झाला. पाचच दिवसांनी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या, नाताळची पूर्वसंध्या होती. त्या संध्याकाळी अनेक मुसलमान चर्चमध्ये गेले, दाराशी उभे राहिले: मारायचं तर आम्हालाही मारा. एरवी हजेरीबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल अशीही माणसं त्यात असतीलच. त्या रात्री हजेरीचा अर्थच वेगळा झाला होता.

अर्थ काळानंही बदलतो. ज्या नवरोझच्या एका अंड्यावरून पन्नास वर्षांची पुण्याई पणाला लागली होती, तो नवरोझ आज इराण आणि मध्य आशियातले कोट्यवधी मुसलमान आपला म्हणून साजरा करतात. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 21 मार्च हा आंतरराष्ट्रीय नवरोझ दिवस ठरवला. आणि या सणाच्या मांडणीत रंगवलेली अंडी असतात. इजिप्तमध्ये शम्म अन-नसीम हा वसंताचा दिवस कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येतो, तरी तो साऱ्या देशाचा. काही मौलवी अजूनही दोन्हींवर टीका करतात. लोक अंडी रंगवतात.

फतव्याबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण हा शब्द ऐकला की लोक दचकतात. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर जाणकारानं दिलेलं मत. तो कोर्टाचा हुकूम नव्हे. दुसरा मुफ्ती दुसरं मत देऊ शकतो आणि देतोही. शिवाय कितीतरी मुसलमान कुणालाच न विचारता जातात, खातात, नाचतात, आणि आपण पक्के मुसलमान आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. काही जण अजिबात जात नाहीत. एकाच घरात दोन भाऊ दोन तऱ्हेचे असतात.

म्हणून बोलावणाऱ्याला माझी कळकळीची विनंती एवढीच की आमंत्रणाची परीक्षा करू नका. "ये, जेव, बस" हे आमंत्रण झालं. "हे म्हण, इथं हात जोड, मग तू आमचा" ही परीक्षा झाली, आणि तिच्यात पास होणारा मनातून दुखावलेला असतो. प्रसाद आहे की घरचं, हे आपणहून सांगितलं तर समोरच्याचं ओझं उतरतं. आणि जाणाऱ्यानं किंवा न जाणाऱ्यानं गप्प राहून टाळू नये. "हे मला जमत नाही, पण मी नंतर नक्की येते" हे समोर बसून सांगावं. आणि मग खरोखर जावं.

मराठीत शेजारधर्म हा शब्द आहे. शेजाऱ्याशी नीट वागण्यालाच आपण धर्म म्हटलंय. मुस्लिम परंपरेत याच्याशी जुळणारी एक गोष्ट आहे. पैगंबरांचे साथी अब्दुल्ला बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली होती. ते बाहेरून आले आणि आल्या आल्या घरच्यांना विचारलं, "आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का?" उत्तराची वाट न बघता पुन्हा विचारलं, "आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का?" मग त्यांनी कारण सांगितलं: पैगंबर म्हणाले होते की देवदूत जिब्रीलनं मला शेजाऱ्याबद्दल इतकं बजावलं, इतकं बजावलं, की मला वाटलं, आता त्याला वारसच ठरवतो की काय.